पहाऱ्यावरून उतरलेला माणूस झोपतो कुठे?

वाचकांचे प्रश्न : नौकारचना

प्रश्न : मी बोटींच्या लाकडी प्रतिकृती बनवतो. सध्या नौदलाची २५ मीटर लांबीची गस्तीनौका करतोय. डेक उचलून आतली रचना बघता यावी अशी इच्छा आहे, पण फोटो मिळतात ते सगळे बाहेरचे. आत काय कुठे असतं? आणि दहा-बारा माणसं एवढ्याशा जागेत झोपतात तरी कुठे?

उत्तर : डेक उचलता येणारी प्रतिकृती करताय हे वाचून फार आनंद झाला. मी नोकरीभर गस्तीनौकांच्या आतल्या मांडणीचे आराखडे काढले. बोटीचं कौतुक करणारे तिचा वेग विचारतात, तोफ विचारतात. अंथरुणाचं तुम्ही विचारलंत.

सुरुवात अगदी पुढून करा. नाळेमागचा पहिला कप्पा माणसांसाठी नसतोच. टक्कर झाली तर पहिला मार तिथे बसतो, म्हणून त्याच्या मागे एक भक्कम, पाणी न शिरणारी आडवी भिंत असते. आत नांगराची साखळी, दोर, रंगाचे डबे एवढंच दाखवा. अशा आडव्या भिंतींना बल्कहेड म्हणतात. तुमच्या लांबीच्या बोटीत अशा आणखी तीन-चार तरी येतील. प्रतिकृती करणारे बहुतेक जण या भिंतींना दारं काढतात. छोट्या बोटीत डेकखालच्या मुख्य बल्कहेडला शक्यतो दार ठेवत नाहीत, कारण दार आलं की ते ऐन वेळी उघडं राहण्याची भीती आली. मग प्रत्येक कप्प्याला वरून स्वतंत्र शिडी लागते. खलाशांच्या केबिनमधून इंजिनरूममध्ये जायचं तर आधी वर डेकवर यायचं आणि मग दुसऱ्या शिडीने खाली उतरायचं. तेव्हा तुमच्या डेकवर हॅच, म्हणजे खाली उतरायची झाकणवाली तोंडं, भरपूर दिसू द्या. शिवाय राहत्या कप्प्याला बाहेर पडायच्या दोन वाटा असतात : एक रोजची शिडी, दुसरी कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला छतात संकटकाळची झडप. ही झडप पुष्कळदा एखाद्या बंकच्या, म्हणजे झोपायच्या अरुंद फळीच्या, बरोबर वर येते.

इंधनाच्या टाक्या बोटीच्या मध्याजवळ घ्या. गस्त सुरू होताना टाक्या भरलेल्या, परतताना जवळजवळ रिकाम्या. त्या टोकाला असत्या तर तेल जळेल तशी बोट एका टोकाला उचलली गेली असती. त्यांच्या मागे इंजिनं, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचे दांडे फार लांबवावे लागत नाहीत. इंजिनरूमच्या वर डेकचा एक मोठा तुकडा बोल्टने बसवलेला दाखवा. इंजिन दुरुस्तीला काढायचं तर ते तिथूनच वर येतं, म्हणून त्या तुकड्यावर कायमचं काही बांधत नाहीत. दारूगोळ्याची खोली इंजिनाच्या उष्णतेपासून दूर आणि तोफेच्या जवळ. तिच्या छताला पाण्याचे फवारे असतात, तेवढे बारीक नळ दाखवता आले तर जरूर दाखवा.

आता उरली ती जागा माणसांची, म्हणजे साखळीचा कप्पा आणि टाक्या यांच्यामधली. माझं सगळं भांडण इथेच आहे. लाटांवर बोट पुढे-मागे डुलते ती मध्याच्या जरा मागच्या एका बिंदूभोवती. त्या बिंदूजवळ हालचाल सर्वांत कमी आणि नाळेकडे सर्वांत जास्त. सर्वांत शांत जागा टाक्यांनी आणि इंजिनांनी घेतली, आणि खलाशाचं अंथरूण गेलं जिथे बोट सर्वांत जास्त आपटते तिथे. समोरून लाटा येत असताना पुढच्या बंकवरचा माणूस गादीवरून अक्षरशः उचलला जातो आणि परत आदळतो. चार तासांचा पहारा संपवून तो तिथे पडतो, डोळा लागत नाही, आणि पुन्हा सुकाणूवर किंवा रडारसमोर जाऊन बसतो. आराखड्याच्या बैठकीला इंजिनवाले वजन घेऊन येतात, तोफवाले माऱ्याचा कोन घेऊन येतात. झोपेच्या वतीने बोलणारं कोणी नसतं. म्हणून मी नेहमी धरून बसे की बंक आधी आखा, कपाटं नंतर. रात्री तीन वाजता पेंगणारा पहारेकरी हा माझ्या मते आराखड्याचा दोष आहे, त्या माणसाचा नाही.

बंक बोटीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. आडवे ठेवले तर बोट दोन्ही बाजूंना कलताना झोपणाऱ्याचं डोकं आणि पाय आळीपाळीने वर-खाली होतात. लांबी साधारण १.९ मीटर, रुंदी पाऊण मीटरहून कमी. एकावर एक तीन बंक असतील तर कोणालाही उठून बसता येत नाही, कुशीवर वळून बाहेर सरकावं लागतं. उघड्या बाजूला कापडी पट्टा बांधलेला असतो, झोपेत खाली पडू नये म्हणून. आणि बंकच्या गादीखाली कप्पा : त्या माणसाचं सगळं खासगी सामान तेवढ्यात.

नमुना म्हणून दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश हार्बर डिफेन्स मोटर लाँच अभ्यासा. ७२ फूट लांब, दोन डिझेल इंजिनं, वेग १२ नॉटच्या (तासाला १२ सागरी मैलांच्या) आसपास. पुढच्या केबिनमध्ये खलाशी आणि त्यांच्याबरोबर कोळशाची चूल, मधे इंजिनं, मागे अधिकारी. ‘मेडुसा’ नावाची अशी एक बोट इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला जतन केलेली आहे आणि ती अजून चालते. तिची मांडणी मला आवडते. वेग कमी, म्हणून इंजिनं लहान, म्हणून माणसांना जागा. याच्या उलट त्याच काळातली अमेरिकेची ८० फुटी एल्को पीटी बोट, म्हणजे टॉर्पेडो सोडणारी वेगवान गस्तीनौका : पेट्रोलवर चालणारी तीन पॅकार्ड इंजिनं, ४० नॉटच्या घरातला वेग, आणि लाकडी सांगाड्याच्या पोटात ३,००० गॅलन पेट्रोल. वेगाची किंमत कोणी मोजली ते तिच्या आत पाहिलं की कळतं.

प्रश्न : माझ्या कथेतली माणसं एका छोट्या गस्तीनौकेवर आठवडाभर असतात. स्वयंपाक आणि शौचालय यांचं वर्णन खरं वाटायला हवं. काय लक्षात ठेवू?

उत्तर : स्वयंपाकाची जागा, म्हणजे गॅली, शक्य तिथे व्हीलहाऊसच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, मागे डेकच्या पातळीवर ठेवतात, कारण तिथे हवा मिळते आणि हेलकावे थोडे कमी लागतात. शेगडीभोवती धातूच्या उभ्या पट्ट्या असतात, भांडं सरकू नये म्हणून. भांडी अर्धीच भरतात. फ्रीजचं दार पुढे किंवा मागे तोंड करून बसवावं. बाजूला तोंड केलं तर बोट कलली की दार उघडतं आणि आतलं सगळं जमिनीवर. कपाटांना आपोआप अडकणाऱ्या कड्या, कोपरे गोल, आणि हात जाईल तिथे धरायला दांडा. समुद्र फार खवळला की गरम स्वयंपाक बंद होतो आणि सगळे कोरडं खातात. तुमच्या कथेत एखादा असा दिवस येऊ द्या.

शौचालयाबद्दल मी जरा गंभीरपणे सांगते, कारण लोक त्याला दुय्यम समजतात. मैला साठवण्याची टाकी, तिच्या झडपा आणि हवा बाहेर जायची नळी हे सगळं झोपायच्या जागेच्या भिंतीपलीकडेच असतं, दुसरीकडे जागाच नसते. ऑगस्ट २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलाच्या ‘मेटलँड’ या आर्मिडेल वर्गातल्या गस्तीनौकेवर जादा माणसांसाठी केलेल्या झोपण्याच्या कप्प्यात विषारी वायू भरला आणि आतले नौसैनिक आजारी पडले. त्यात हायड्रोजन सल्फाइड होता, सांडपाण्यात तयार होणारा. त्यानंतर त्या वर्गाच्या बोटींवर तो कप्पा झोपण्यासाठी वापरायला बंदी झाली. ही बोट सुमारे ५७ मीटरची होती, म्हणजे तुमच्या कथेतल्या बोटीहून बरीच मोठी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खाली साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. तुमच्या पात्रांपैकी कोणी ‘आता वास येत नाहीये’ म्हणालं, तर जाणत्या माणसाने सगळ्यांना लगेच वर काढलं पाहिजे.

प्रश्न : स्त्रिया आणि पुरुष एकाच छोट्या गस्तीनौकेवर असतील तर आतली रचना बदलावी लागते का?

उत्तर : हो, आणि बदल सर्वांच्याच फायद्याचा ठरतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या जुन्या ८२ फुटी बोटींची जागा १९९८ पासून ८७ फुटी बोटींनी घेतली. लांबी जेमतेम पाच फूट वाढली, पण नव्या बोटीत दहा जणांसाठी लहान लहान केबिन आखल्या, म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र काम करू शकतील. शिवाय पहाऱ्याच्या वेळा वेगळ्या असलेल्यांना वेगळ्या केबिनमध्ये ठेवता येतं. एकाचा गजर दुसऱ्याची झोप मोडत नाही. याच बोटींच्या मागच्या टोकाला उतार करून त्यात छोटी रबरी बोट ठेवली आहे. ती सोडायला डेकवर एक माणूस पुरतो. जिथे माणसं कमी लागतात तिथे प्रत्येकाला जागा जास्त मिळते.

प्रश्न : रात्री व्हीलहाऊसमध्ये लाल दिवा का लावतात?

उत्तर : अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतं आणि पांढरा दिवा ते क्षणात घालवतो. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशींवर लाल उजेडाचा परिणाम फार थोडा होतो. मात्र लाल दिव्याखाली कागदावरच्या लाल रेघा दिसेनाशा होतात, म्हणून सागरी नकाशांवर महत्त्वाच्या खुणा जांभळट गुलाबी रंगात छापतात. प्रतिकृतीत व्हीलहाऊस करणाऱ्यांना एक सूचना : नकाशाच्या टेबलाभोवती पडदा लावा आणि शिडीच्या तोंडाशीही एक लावा, खालच्या केबिनमधला उजेड वर येऊ नये म्हणून.