आलं-लसूण लावलं की करपलेलं चिकन चालतं का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे रविवारी गच्चीवर कोळशावर चिकन भाजतात आणि मुलांना नेमके काळे झालेले तुकडेच हवे असतात. मिस्टर म्हणतात, आलं-लसूण-हळद लावली की सगळं विष मरतं. खरंय का?

उत्तर: सगळं नाही हो, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चिकन, मटण, मासे यांच्यात क्रिएटिन (स्नायूंतला एक नैसर्गिक घटक) असतं, ते आणि अमिनो आम्लं कडक आचेवर तापली की हेटेरोसायक्लिक अमाइन्स नावाचे, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारे पदार्थ बनतात, जपानमध्ये संशोधक ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या टीमला १९७० च्या दशकात करपलेल्या माशात डीएनए बिघडवणारे पदार्थ सापडले तेव्हापासून यावर अभ्यास चालू आहे. आता ग्रीन टी, संत्र-मोसंबी यांच्यातले काही फ्लेव्होनॉइड्स (वनस्पतींतले नैसर्गिक घटक) काय करतात, तर ही अमाइन्स बनताना मधल्या टप्प्यावर जे अल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं त्यालाच चिकटतात आणि पुढची रिअ‍ॅक्शन तिथेच अडते. लसूण, कांदा, हळद यांच्या मॅरिनेशननेही ही अमाइन्स कमी बनतात. म्हणजे बनलेलं विष मरत नाही, मुळात कमी बनतं, त्यामुळे मसाला भाजायच्या आधीच नीट चोळून मुरवा, नंतर वरून लिंबू पिळलं तर चव येईल फक्त.

आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर येतो ना, त्यातले घातक पदार्थही मांसावर बसतात, तिथे एकट्या मसाल्यावर विसंबू नका. कातडी काढा, तुकडे सारखे उलटत राहा, मॅरिनेशनमध्ये मध-साखर जास्त नको कारण लगेच करपतं. मुलांच्या ताटात वाढताना मात्र काळा भाग कापूनच टाका, कितीही रुसली तरी.