ग्रॅनाइट लिंबाला दाद देत नाही, मग डाग कसला?

प्रश्न : काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली. सकाळी तिथे फिकट, निस्तेज गोल उमटला होता. साबणाने जात नाही. ग्रॅनाइटला आम्लाने काही होत नाही ना?

उत्तर : खऱ्या ग्रॅनाइटला होत नाही. पण बाजारात चकाकी घेणारा जवळजवळ प्रत्येक कठीण दगड ग्रॅनाइट म्हणूनच विकला जातो. खरा ग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, जोडीला थोडा अभ्रक. लिंबू किंवा व्हिनेगरपुढे क्वार्ट्झ ढिम्म राहतो आणि फेल्डस्पारवरही एका रात्रीत डोळ्यांना दिसेल असं काही घडत नाही. तेव्हा संशय तिघांवर : काळेपणासाठी चोळलेला रंग, वरचा सीलर (दगडाची छिद्रं बंद करणारा लेप), किंवा दगडातलं कॅल्साइट (संगमरवराचं मुख्य खनिज, आम्लात विरघळणारं).

आधी पांढऱ्या कापसावर ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात चोळा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. मग पाण्याचे चार थेंब 10 मिनिटं ठेवा. खालचा दगड गडद झाला तर तिथला सीलर गेलाय. ओटा धुऊन, दिवसभर नीट वाळवून पुन्हा सीलर लावावा लागेल.

तिसरी परीक्षा न दिसणाऱ्या कडेवर करा. चाकूच्या टोकाने रेघ ओढा. मोह्‌सच्या मापावर (खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा मोजणारं माप) कॅल्साइटचा कठीणपणा 3, चाकूच्या पोलादाचा साधारण 5.5, फेल्डस्पारचा 6 आणि क्वार्ट्झचा 7. त्यामुळे ग्रॅनाइटवर उलट चाकूच झिजतो आणि पोलादाची करडी रेघ उमटते, ती पुसली जाते. चरा पडून पांढरी भुकटी निघाली तर तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले की कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट किंवा त्याचं भावंड डोलोमाइट, नक्की. डोलोमाइट असेल तर बुडबुडे मंद येतात आणि तेही भुकटीवरच, म्हणून अख्ख्या दगडावर थेंब टाकून निकाल देऊ नका.

कॅल्साइट निघालं तर तो गोल डाग नव्हेच. तिथला पॉलिश केलेला पृष्ठभाग विरघळलाय. साबण, सोडा, घासणी सगळं व्यर्थ. पुन्हा पॉलिश करणं हाच उपाय.

प्रश्न : बाथरूमच्या टाइल्स हायड्रोक्लोरिक ॲसिडने लख्ख झाल्या, पण संगमरवरी उंबरठा खरखरीत झाला, जोडांतलं सिमेंट भुसभुशीत झालं आणि ॲसिड न लागलेल्या स्टीलच्या दांडीवरही तांबूस ठिपके आले. असं का?

उत्तर : टाइलवरचं ग्लेझ काचेसारखं असतं, ते टिकलं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; ते आम्लात फसफसत विरघळतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कॅल्शियम क्लोराइड पाण्याबरोबर वाहून जातं. सिमेंटमधला चुनाही तसाच जातो. स्टीलला वाफांनी गाठलं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचं अतिपातळ कवच असतं. क्लोराइड ते जागोजागी फोडतं आणि तिथे खड्डे पडू लागतात. दांडी लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा, पुन्हा धुवा.

आम्ल वापरायचंच असेल तर आधी जोड पाण्याने चिंब भिजवा, म्हणजे छिद्रं पाण्याने भरतात आणि आम्ल आत मुरत नाही. पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नाही. खिडकी उघडी ठेवा. आणि ब्लीच जवळपासही नको : दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : ग्रॅनाइटला खरोखर खाणारं आम्ल कोणतं?

उत्तर : हायड्रोफ्लुओरिक. ते सिलिकाच (क्वार्ट्झ आणि काच ज्याची बनते ते) विरघळवतं, म्हणून काच, ग्लेझ आणि ग्रॅनाइट तिन्ही गेले. गंज काढणाऱ्या काही द्रावणांत ते किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. लेबलवर 'फ्लोराइड' दिसलं तर बाटली ओट्यापासून लांब ठेवा. हातावर पडल्यास वेदना तासन्‌तास उशिरा सुरू होऊ शकतात, पण तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवत असतं. दुखत नाही म्हणून थांबू नका : धार लावून धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल मिळालं तर चोळा आणि तडक रुग्णालय गाठा.