चुकून दाबलं जाणारं बटण

प्रश्न : आमच्या ॲपमध्ये ‘जतन करा’च्या शेजारीच ‘काढून टाका’ आहे. ‘नक्की काढायचं?’ असं विचारूनही लोकांची माहिती चुकून पुसली जाते. असं का होतं?

उत्तर : कारण ‘नक्की काढायचं?’ विचारणारी ती चौकट कोणी वाचतच नाही. तोच प्रश्न रोज आला की ‘हो’ दाबणं सवयीचं होतं. डोळे मजकुरावर पोचण्याआधीच बोट पोचलेलं असतं. ती चौकटच काढून टाका. नोंद लगेच पुसून टाका, पण खाली काही सेकंद ‘परत आणा’ ठेवा. चूक झाल्याचं माणसाला कळतं ते दाबल्यानंतर, आधी नाही.

मूळ दोष मात्र जागेचा आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. घाई केली की नेम चुकतो. अँड्रॉइडवर दाबण्याचं क्षेत्र किमान ४८ डीपी (पडद्याच्या घनतेशी जुळवून घेणारं अँड्रॉइडचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर ठेवा. बटणावरचं चित्र २४ डीपीचं असलं तरी चालेल, भोवतीची रिकामी जागा दाबली गेली पाहिजे. ‘जतन करा’ खाली, अंगठ्याजवळ. ‘काढून टाका’ थेट मेनूत.

खातं बंद करण्यासारख्या, परत न फिरणाऱ्या कृतीलाच चौकट ठेवा, आणि बटणावर ‘हो’ऐवजी ‘खातं बंद करा’ लिहा.