स्वस्त काच, महाग हिशेब

बडोद्याहून दांडिया बाजारातल्या एक ताई लिहितात: घरी छोटी भट्टी आहे, काचेच्या थाळ्या-वाट्या करून विकते. एक स्टुडिओ बंद होतोय, त्यांची 120 किलो रंगीत काच 1,60,000 रुपयांत मिळतेय. 50 किलोवर 90 लिहिलंय, 30 किलोवर 96, उरलेल्या 40 किलोवर काहीच नाही. नवी काच घरपोच 2,600 रुपये किलो पडते. अडीअडचणीसाठी ठेवलेली 5 लाखांची एफडी आहे, ती मोडू का?

ताई, तुम्ही 1,60,000 ला 120 ने भागलंत आणि 1,333 रुपये भाव बघून हुरळलात. मीही हुरळलो असतो.

पण ते 90 आणि 96 म्हणजे दर्जा नव्हे. तापमान एक अंशाने वाढलं की काच एक कोटीत किती भाग लांबते, तो आकडा. सहाचा फरक किरकोळ वाटतो. पण भट्टीत घट्ट झाल्यापासून हाताला गार लागेपर्यंत काच साडेचारशे अंशांहून जास्त उतरते, आणि 90 व 96 एकत्र वितळवून केलेल्या फूटभर थाळीत दोन काचांच्या आकसण्यात केसाच्या जाडीएवढा फरक पडतो. तेवढ्याने तडा जातो. कधी भट्टीतच, कधी गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याभराने. पैसे परत द्यायचे ते तुम्हीच.

आता भागाकार पुन्हा करू. बिननावाची 40 किलो बाजूला ठेवली तर भाव 2,000 होतो. तुमचं सगळं काम 90 वर असेल आणि 96 तशीच पडून राहिली, तर 50 किलो काच 3,200 रुपये किलोने पडली. नव्यापेक्षा महाग! 96 च्या वेगळ्या वस्तू करता येतील, नाही असं नाही. पण मग रंग, चुरा, पट्ट्या सगळं दुहेरी ठेवावं लागेल. एका भट्टीच्या धंद्याला ते झेपत नाही.

म्हणून त्यांना फक्त 90 ची 50 किलो मागा, त्याच भावाने. साधारण 67,000 होतात. तेही एफडी मोडून नको. बँक एफडीवर ओव्हरड्राफ्ट देते, व्याज एफडीपेक्षा सहसा एखाद-दोन टक्के जास्त. चार-सहा महिन्यांत फेडता येईल एवढंच उचला.

पैसे देण्याआधी प्रत्येक रंगाचा तुकडा मागून घ्या. तुमच्या खात्रीच्या पारदर्शक 90 च्या पट्टीवर ठेवून पूर्ण वितळवा, नेहमीसारखं सावकाश थंड करा. मग लॅपटॉपचा पांढरा पडदा आणि पोलराइज्ड गॉगल: गॉगल फिरवत पडदा काळा दिसेपर्यंत न्या आणि मध्ये पट्टी धरा. तुकड्याभोवती उजेडाची कडा दिसली की तो रंग नको. लेबलावर 90 असलं तरी नको, कारण आकडा जुळला म्हणून दोन कंपन्यांची काच जुळतेच असं नाही.

आणि साच्यात नुसत्या वाकवायच्या वाट्यांना परदेशी काच कशाला? अंकलेश्वर-झगडियाला फ्लोट काचेचे, म्हणजे खिडकीच्या सपाट काचेचे, कारखाने आहेत, बडोद्यात ती कुठेही मिळते. फक्त तिच्यावर 90 चे रंग चिकटवू नका. दोन थर लागले तर दोन्ही एकाच शीटमधून कापा.

स्टुडिओवाले म्हणाले, सगळा माल उचला नाहीतर राहू द्या, तर राहू द्या.