बाजार कोणी लाटला?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं घराणं पुणे जिल्ह्यातल्या एका कसब्याचं, आडनाव शेटे. लहानपणापासून ऐकत आलोय की गावची पेठ आणि रविवारचा बाजार आमच्या मालकीचा होता. मूळ पुरुष अचानक वारले. मुलगा सात-आठ वर्षांचा होता आणि धाकट्या भावाने सगळा बाजार लाटला. त्या भावाचे वंशज आजही गावात आहेत. आमचं त्यांच्याकडे जाणंयेणं नाही. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा आजीने त्यांना देऊ दिली नाही. गेल्या दिवाळीत माळा आवरताना एक मोडी कागद सापडला. ओळखीच्या एकांनी जमेल तसा वाचून दिला. त्यावर ‘सुहूर सन अर्बा सलासैन मया व अलफ’ असं वर्ष आहे. ‘शेटेपण’, ‘बाजारबैठक’, ‘दुकानास सुपारी’, ‘वडीलपण’, ‘निमे’ असे शब्द येतात. एके ठिकाणी नुसतं ‘मातुश्री’ आहे, नाव नाही. मुलाच्या नावापुढे ‘हरकी’ म्हणून काही रक्कम आहे. वाचणाऱ्यांच्या मते हा हरकतीबद्दलचा दंड असावा. चुलत्याच्या नावाचा कोपरा कसरीने खाल्लाय. खाली नांगर, तागडी, आरसा अशी चित्रं आहेत. म्हणजे त्या पोराला लुबाडून वर दंडही केला का? बाजाराचा मालक मेला की त्या काळी त्याच्या मालमत्तेचं काय व्हायचं? आज तिथे नगरपालिकेचा बाजार भरतो, त्यावर आमचा काही हक्क लागतो का? आजी ८८ वर्षांची आहे, ती रोज विचारते.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात ‘हरकी’पाशी थांबले आणि त्या रात्री झोप लागली नाही. त्या शब्दाकडे येतेच, पण आधी ‘मालक’ हा शब्द जरा बाजूला ठेवू. तुमच्या घरातला सगळा गैरसमज तिथून सुरू झालाय.

तुमच्या कागदाचं वर्ष आधी लावून घेऊ. अर्बा म्हणजे चार, सलासैन तीस, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांत लिहायची कालगणना, ११३४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सनाचं १७३३ साल येतं आणि मृगापासून वर्ष धरलं की ते १७३४च्या मेअखेरपर्यंत चालतं. साताऱ्याला शाहू महाराज, पेशवा थोरला बाजीराव. पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२च्या जानेवारीत झालेली. पुणं नुकतं वाढायला लागलं होतं आणि आसपासच्या कसब्यांच्या पेठांना बरकत येत होती. अशा दिवसांत पेठेचं शेटेपण म्हणजे दुभती गाय.

पण शेटे पेठेच्या जमिनीचा मालक नसे. सरकार कौल देई, म्हणजे ‘इथे पेठ वसवा, इतकी वर्षं कर माफ’ असं अभयपत्र. मग शेटे आणि महाजन वाणी-उदमी गोळा करून आणत, त्यांना दुकानाला जागा नेमून देत, वजनंमापं खरी आहेत ना ते बघत, भांडणं सोडवत. या कामाच्या मोबदल्यात त्यांना वतन मिळे. वतन म्हणजे हक्क आणि मान, पिढ्यान्‌पिढ्या चालणारा. बाजारच्या दिवशी भाजीवालीच्या पाटीतली मूठभर भाजी, धान्याच्या राशीतलं पसाभर धान्य, दुकानामागे सुपारी, सणाला नारळ, समारंभात पानविड्याचा नेमलेला मान. तुमच्या कागदातलं ‘दुकानास सुपारी’ ते हेच. ‘बाजारबैठक’ म्हणजे बाजारात पथारी टाकणाऱ्याकडून घेतलेली पट्टी. ती सरकारची, शेट्यांकडे त्यातला नेमलेला वाटा.

मी स्वतः वाण्याच्या घरातली आहे. माहेरच्या वाटणीपत्रात थोरल्या आजोबांना ‘तागडी वजनांसुद्धा’ आणि धाकट्यांना विहिरीची पाळी, असं लिहिलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, विहिरीपुढे तागडीची काय किंमत? मोडी शिकले, शे-दीडशे कागद नजरेखालून गेले, तेव्हा कळलं. तागडी ही निशाणी आहे. जो तागडी काढून सही करतो त्याचा शब्द पेठेत चालतो. तुमच्या कागदाखाली पाटलाचा नांगर आहे, न्हाव्याचा आरसा आहे आणि शेट्यांची तागडी आहे. म्हणजे गोत जमलं होतं. गावचे वतनदार, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते एकत्र बसून निर्णय देत आणि आपापली निशाणी करत. अशा कागदाला महजर म्हणतात. घरातल्या घरात कोणी गुपचूप लिहून घेतलेला हा कागद नाही. लुबाडणाऱ्याला एवढे साक्षीदार परवडत नाहीत.

आता मूळ पुरुष वारल्यावर काय झालं असेल ते क्रमाने बघू, कारण एका माणसाच्या मागे चार वेगवेगळ्या गोष्टी उरत आणि त्या चार वाटांनी जात.

घर, दुकानातला माल, भांडी, गुरं ही एक. आपल्याकडे वारसा-वाटणीच्या बाबतीत मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख या धर्मशास्त्राच्या ग्रंथांना मान होता. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच लागतो, तो कोणी द्यावा लागत नाही. भाऊ एकत्र असतील तर कारभार हयात थोरल्याच्या हाती. म्हणजे मूळ पुरुष वारले की धाकटा भाऊ कर्ता होणं हे रीतीला धरूनच होतं. त्याने कारभार हाती घेतला यात पाप नव्हतं. मुलगा जाणता झाल्यावर तो परत करतो की नाही, कसोटी तिथे होती.

दुसरी गोष्ट कर्ज. पेठेतला माणूस म्हटला की देणंघेणं आलंच. बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर येई, फक्त दामदुपटीची मर्यादा होती : सावकाराला एका वेळी मुद्दलाइतकंच व्याज, त्यावर नाही. कित्येक घरांत बापाच्या दिवसांतच कर्जखतं दारात यायची. शेटेपणाचं उत्पन्न गहाण पडायचं ते बहुधा याच वेळी.

तिसरी गोष्ट बाई. विधवेचं म्हणाल तर एकत्र कुटुंबात तिला अन्नवस्त्र आणि तिचं स्त्रीधन. नवरा विभक्त असेल आणि मागे मुलगा नसेल तरच मिळकत तिच्याकडे, तीही हयातीपुरती. दत्तक घ्यायचा तर वतनाच्या बाबतीत सरकारची परवानगी आणि नजराणा. कोणीच वारस नसला तर माल बेवारस म्हणून सरकारजमा. मुलगा हयात होता म्हणून तुमच्या घरावर ती वेळ आली नाही.

आणि चौथी गोष्ट शेटेपण. ते सहज वाटता येत नव्हतं. उत्पन्नाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, होत : निमे, तिजाई, चौथाई. पण पहिला विडा एकालाच मिळतो, तागडी एकाचीच उमटते. त्याला वडीलपण म्हणत. मराठी मुलखातली निम्मी भांडणं जमिनीवरून कमी आणि या वडीलपणावरून जास्त झाली असं मला कागद वाचता वाचता वाटत आलंय. वाद लागला की सरकार ते वतन अमानत करी, म्हणजे निकाल लागेपर्यंत उत्पन्न कोणालाच नाही. मग दोन्ही बाजू गोतापुढे जात, पुरावे आणत, साक्षी होत, कधी दिव्यावरही, म्हणजे देवाला साक्षी ठेवून केलेल्या कठोर परीक्षेवरही, पाळी येई. निकाल झाला की हरणारा सरकारात गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरे.

आणि जिंकणारा भरे ती हरकी.

हरकी म्हणजे हरकत नव्हे. तुमच्या ओळखीच्यांनी कागद छान वाचलाय, फक्त इथे पाय घसरला. काही कागदांत ‘हरखी’ असंही लिहितात. हरखणं हा शब्द अजून आपल्या तोंडी आहेच. न्याय आपल्या बाजूने झाला, त्या आनंदाप्रीत्यर्थ जिंकणाऱ्याने सरकारला द्यायची ती रक्कम. ती तुमच्या पूर्वजाच्या, त्या पोराच्या नावापुढे आहे. कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यात चुलत्याच्या नावापुढे गुन्हेगारी असणार.

तुमचं पोर जिंकलं होतं हो! वडीलपण त्याला मिळालं आणि ‘निमे’ शब्द आहे त्याअर्थी उत्पन्न दोन घरांत निमेनिम झालं. मान थोरल्याच्या घराला, पोट दोघांचं भरेल अशी सोय. आपल्याकडच्या गोतसभांचा हा नेहमीचा निवाडा आहे आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. हरलेल्यालाही त्याच गावात, त्याच पेठेत जगायचं होतं.

आता त्या ‘मातुश्री’कडे या. कागदात तिचं नाव नाही, एवढ्याने तिला बाजूला सारू नका. सात-आठ वर्षांचं पोर गोतापुढे आपणहून उभं राहत नाही. कोणीतरी नवऱ्याचे जुने कागद पेटीतून काढले, साक्षीदारांची घरं धरली, उत्पन्न अमानत असताना महिनोन्‌महिने घर चालवलं, दिराच्या छपराखाली राहून दिराविरुद्ध दाद मागितली. महजरात शब्द एकच आला, मातुश्री. तुमच्या घरातल्या गोष्टीत तर तोही उरला नाही. त्यात एक पोरका मुलगा आणि एक दुष्ट चुलता एवढेच राहिले, आणि जी जिंकली ती गळून पडली. मला याचं फार वाईट वाटतं.

मग बाजार गेला कुठे? तो चुलत्याने नेला नाही, पुढच्या शंभर वर्षांनी नेला. १८१८ला पेशवाई गेली. कंपनी सरकारने हक्कांच्या नोंदी मागवल्या, सनदा तपासल्या. १८४४च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यात धंद्यांवरचे कर रद्द झाले. मोहतर्फा, म्हणजे कारागीर-दुकानदारांवरचा कर, गेला, कसबापेठांतल्या किरकोळ पट्ट्या गेल्या. व्यापाऱ्यांचं ओझं उतरलं हे चांगलंच झालं, पण त्या वसुलीच्या आधारावर उभं असलेलं शेटेपण आतून पोकळ झालं. सुपारी देणारा दुकानदार आता विचारू शकत होता, कशाबद्दल द्यायची? दोन्ही घरांचं उत्पन्न त्याच सुमारास आटलं असेल. आणि आटलेल्या घरात कोणीतरी चोर शोधावाच लागतो. समोर चुलत्याचं घर होतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. नगरपालिकेच्या बाजारावर तुमचा हक्क लागत नाही. जमीन तुमची नव्हतीच, हक्क होता तो वसुलीचा, आणि ती वसुलीच उरली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून एकेक कायदा करून उरलीसुरली वतनंही रद्द झाली. कोणी ‘जुन्या कागदावर दावा लावून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

कागदाला मात्र जपा. लॅमिनेशन अजिबात करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी आहे तिथे पुन्हा उलट मोडू नका. धुतलेल्या सुती कापडात आडवा ठेवा, आणि कसर लागलेल्या पेटीत परत टाकू नका. चांगल्या उजेडात फोटो काढून घ्या. मग पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. पेशवे दफ्तर तिथे आहे, मोडी जाणणारे लोक तिथे भेटतात. जाताना परगणा, कसबा आणि सुहूर सन तीनही लिहून न्या, नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. सरकारात हरकी भरली गेली असेल तर तिची जमा त्या परगण्याच्या हिशेबात असायला हवी, तिथून सुरुवात करा. १८२७ नंतरचा एखादा वारसाचा दाखला घरात असेल तर तोही जवळ ठेवा. मुंबई सरकारच्या त्या सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्ट असे दाखले देऊ लागलं. त्यात पिढ्यांची नावं सलग मिळतात. नशीब असेल तर बायकांचीही.

आणखी एक. महजराची एक प्रत दुसऱ्या पक्षाकडेही जात असे. तुमच्याकडे जो कोपरा कसरीने खाल्लाय तो धाकट्या घराच्या प्रतीत शाबूत असू शकतो. तो बघायचा असेल तर त्यांच्या दारात जावं लागेल. आधी आजींना विचारा. त्यांना ‘हरकी’चा अर्थ सांगा, मातुश्रींचं सांगा, आणि त्या काय म्हणतात ते मला लिहून कळवा. त्या हो म्हणाल्या, तर तुमच्याबरोबर कागद वाचायला मी येईन.