वाचकांचे प्रश्न : आलेख काढून झाला, पुढे काय?

प्रश्न : मी आठवी आणि नववीच्या वर्गांना गणित शिकवते. माझे विद्यार्थी स्तंभालेख नीटनेटका काढतात, मध्य, मध्यक आणि बहुलकही अचूक सांगतात. पण ‘यावरून तुम्हांला काय दिसते?’ असे विचारले की सगळा वर्ग गप्प होतो. सामग्रीचा, म्हणजे गोळा केलेल्या आकड्यांचा, अर्थ लावायला त्यांना कसे शिकवावे?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : वर्ग गप्प होतो, कारण त्या सामग्रीला मुळात कोणी काही विचारलेलेच नसते. पुस्तकातल्या उदाहरणात आकडे तयार मिळतात, वर्गांतरे (आकड्यांचे गट) आखलेली असतात, कोणता आलेख काढायचा हेही सांगितलेले असते. हा क्रम उलटा करून पाहावा. ‘जादा तास सकाळी शाळेआधी ठेवला तर सर्वांना जमेल का?’ असा, ज्याचे उत्तर मुलांना खरोखरच हवे आहे, तो प्रश्न आधी मांडावा आणि मग प्रत्येकाला घरून शाळेत यायला किती वेळ लागतो ते विचारावे. एसटीची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरायचा की नाही, यावर वाद होईल. तो अवश्य होऊ द्यावा, कारण आपण नेमके काय मोजतो आहोत हे मुलांना तिथेच उमगते.

समजा, नऊ मुलांचे वेळ मिनिटांत 5, 5, 8, 10, 10, 10, 12, 15 आणि 60 असे आले. मध्य, म्हणजे सरासरी, 15 येतो; मध्यक (चढत्या क्रमातली मधली संख्या) आणि बहुलक (सर्वाधिक वेळा आलेली संख्या) दोन्ही 10 येतात. आता विचारावे, की 15 मिनिटांपेक्षा कमी वेळ लागणारी मुले किती? नवांपैकी सात! साठ मिनिटे लागणारा मुलगा उद्या शाळेजवळ राहायला आला आणि त्याला 6 मिनिटे लागू लागली, तर मध्य 15 वरून 9 वर घसरेल, मध्यक मात्र 10 वरच राहील. एवढ्यावरून ‘मध्यक चांगला, मध्य फसवा’ असा निष्कर्ष काढू देऊ नये. जादा तासाचा निर्णय घेताना त्या एका मुलाची 60 मिनिटेच सर्वांत महत्त्वाची आहेत आणि मध्यकात ती दिसतच नाहीत.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण हवे असेल, तर 26 जुलै 2005 चा मुंबईचा पाऊस घ्यावा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळी कुलाब्याला सुमारे 73. दोहोंची सरासरी पाचशेच्या थोडी वर येते. ती सूत्रानुसार बिनचूक आहे, पण दोन्हींपैकी एकाही ठिकाणी त्या दिवशी तेवढा पाऊस पडलेला नाही. अशी सरासरी सांगण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून आपण थोडे थांबावे.

प्रत्येक आलेखाखाली दोन वाक्ये लिहून घ्यावीत : हा आलेख काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही. सर्वांत उंच स्तंभ कोणता, एवढेच लिहिणे म्हणजे नुसते वाचन झाले, अर्थ लावणे नव्हे. या वाक्यांना गुण द्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. ज्याला गुण नाहीत ते मुले मनावर घेत नाहीत. (मोठी माणसे तरी कुठे घेतात?)

अक्षावरचे प्रमाण निवडण्याचेही असेच आहे. दोन तुकड्यांचे सरासरी गुण 72 आणि 75 असताना उभा अक्ष 70 पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट उंच दिसतो. तोच आलेख शून्यापासून काढून शेजारी लावावा आणि दुसऱ्या तुकडीची बढाई मारण्यासाठी यांतला कोणता वापराल, असे विचारावे. उत्तर तत्काळ मिळेल.

प्रश्न : आयतालेखात स्तंभ एकमेकांना चिकटून का काढतात?
— नववीतील एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : स्तंभालेखात आडव्या अक्षावर गावे, पिके, खेळ अशा सुट्या गोष्टी असतात, त्यामुळे मध्ये जागा सोडता येते. आयतालेखात तिथे उंची, वजन, वेळ अशी सलग वाढत जाणारी राशी असते आणि एक वर्ग (आकड्यांचा गट) जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. वर्ग 1-10, 11-20 असे दिलेले असतील, तर आधी ते 0.5-10.5, 10.5-20.5 असे सलग करून घे आणि मगच आयत काढ.