पर्यावरण कायदा शिकवायचाय? मग आधी प्रशासकीय कायदा पक्का कर

बीएस्सी वनस्पतिशास्त्र करून तू आता एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि तुला पर्यावरण कायद्याची प्राध्यापक व्हायचंय. बाबांचं म्हणणं, 'वर्गात शिकवून नद्या वाचत नाहीत, कोर्टात उभी राहा.' यावर काय सांगू, असं तू विचारलंस.

बाबांना जोसेफ सॅक्स यांच्याबद्दल सांग. मिशिगन विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी १९७० मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. नद्या, सरोवरं, किनारे यांचं सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, ही रोमन काळापासूनची कल्पना त्यांनी न्यायालयात वापरता येईल अशी मांडली. लॉस एंजेलिस शहर १९४१ पासून मोनो सरोवराचे ओढे वळवत होतं आणि सरोवर आटत चाललं होतं. शहराचे हे पाण्याचे हक्क याच तत्त्वावर पुन्हा तपासता येतील, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवलं. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या जमिनीच्या खटल्यात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्स यांचं लेखन उद्धृत करून हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं आणि जमिनीचा पट्टा रद्द केला. वर्गात आणि ग्रंथालयात केलेलं काम इतक्या लांब पोहोचतं. वेळ मात्र लागतो, आणि तो देण्याची तयारी हवी.

बाबांचं अर्धं म्हणणं मलाही पटतं. सॅक्सही शिकवण्याआधी काही वर्षं वकिली करत होते. तूही दोनेक वर्षं केलीस तर याचिका कशी उभी राहते आणि कुठे कोसळते, हे कळेल.

पात्रतेचं थोडक्यात: एलएलएमला किमान ५५ टक्के (राखीव गटांना सवलत), मग प्राध्यापकपदासाठीची नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पुढच्या बढत्यांसाठी पीएचडी लागेलच. सुरुवातीला तुला पर्यावरण कायदाच शिकवायला मिळेल असं धरू नकोस, करार किंवा अपकृत्यांचा कायदाही (दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्या कृत्यांबद्दल भरपाईचा) वाट्याला येईल. तो मनापासून शिकव. प्रशासकीय कायदा, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या निर्णयांना लागू होणारा कायदा, तर पक्काच हवा, कारण पर्यावरणाचे बहुतेक खटले 'परवानगी कुणी, कशाच्या आधारे दिली' यावरच लढले जातात.

विज्ञानाची वर्षं वाया गेली, असं तू लिहिलंस ते मला मुळीच मान्य नाही. एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल उघड. पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले ते पाहा. वनस्पतींच्या यादीत पावसाळ्यातच उगवणाऱ्या प्रजाती आहेत का, की पाहणी उन्हाळ्यातच उरकली? नुसता कायदा शिकलेल्याच्या नजरेतून हे निसटतं, तुझ्या नाही निसटणार. असे चार-पाच अहवाल त्यांच्या जनसुनावणीच्या इतिवृत्ताशी ताडून वाच आणि टिपणं काढ. एलएलएमच्या प्रबंधाचा विषय त्यातूनच निघेल. मार्गदर्शक निवडताना त्यांचे अलीकडचे लेख आधी वाच, आणि तुझं टिपण जोडूनच त्यांना पत्र लिही.